रशियन व्याकरणांतील शब्दांच्या जाती

रशियन भाषेचें पुस्तक प्रथमच हातीं घेणारा मनुष्य तिची लिपि पाहून बिचकतो. ती भीति व्यर्थ असते. अवघीं ३३ अक्षरें. त्यांतील कांहीं रोमन लिपीसारखीं, कांहीं ग्रीक वळणाचीं. जिज्ञासु मनुष्य पंधरवड्यांत तीं वाचूं लागतो. खरी अडचण त्यानंतर येते. शब्द वाचतां येतो, कोशांत त्याचा अर्थही सांपडतो, आणि तरी वाक्य हातीं लागत नाहीं; कारण समोरचा शब्द नाम आहे, विशेषण आहे कीं क्रियापद आहे, हेंच कळलेलें नसतें.

'पेच्' हा शब्द घ्यावा. त्याचा अर्थ चूल किंवा भट्टी. जुन्या रशियन खेड्यांत घराचा मोठा भाग अडवून बसणारी, जिच्या माथ्यावर हिवाळ्यांत म्हातारीं माणसें निजत, ती विटांची भट्टी म्हणजे 'पेच्'. पण 'भट्टींत भाजणें' या अर्थाचें क्रियापदही अक्षरश: 'पेच्' असेंच आहे. संस्कृतांतील 'पच्' धातु ज्यांच्या कानांत आहे त्यांना हा शब्द परका वाटूं नये. 'मी भाजतों' याला रशियन मनुष्य 'पेकू' म्हणतो, आणि हें 'पेकू' म्हणजे 'पचामि'चें दूरचें भावंडच आहे. 'त्री' म्हणजे तीन. परंतु 'घांस' अशी आज्ञाही 'त्री'च. 'मोय्' म्हणजे माझा, आणि 'धू' ही आज्ञाही 'मोय्'. 'स्तेक्लो' म्हणजे कांच, आणि 'स्तेक्लो' म्हणजे 'खालीं ओघळलें'. (येथें रशियन शब्द लिहितात त्याप्रमाणें दिले आहेत, बोलतांना ज्या 'ओ'वर आघात नसतो तो 'अ'कडे झुकतो.)

अशा शब्दांची जात त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतां येत नाहीं. ती त्यांच्या वागणुकीवरून ओळखावी लागते. 'पेच्' ही भट्टी असेल तर ती विभक्तींत चालेल: 'पेची', 'पेच्यू'. क्रिया असेल तर पुरुष आणि काळ यांच्या मागें जाईल: 'पेकू', 'पेचोत', 'पेक्ला'. एकदां दुसरें रूप दिसलें कीं संशय उरत नाहीं.

रशियन लोक 'शब्दांच्या जाती' असें म्हणत नाहींत; त्यांच्या व्याकरणांत 'चास्ति रेचि', म्हणजे 'वाणीचे भाग', असा शब्दप्रयोग आहे. तो त्यांनीं उसना घेतला आहे. प्राचीन काळीं ग्रीक वैयाकरणांनीं वाणीचे आठ भाग पाडले. रोमन लोकांनीं तोच सांचा लॅटिनला लावला. पण ग्रीक भाषेंत नामापूर्वीं येणारें जें उपपद होतें तें लॅटिनमध्यें नव्हतें. तेव्हां आठाचा आंकडा मोडूं नये म्हणूनच कीं काय, त्यांनीं उद्गारवाचक शब्दांचा निराळा वर्ग काढला आणि रिकामी जागा भरली. १६१९ मध्यें मेलेति स्मोत्रित्स्की या पंडितानें चर्चच्या स्लाव्ह भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांतही भाग आठच आहेत. उत्तर रशियांतील एका कोळ्याच्या मुलानें हें पुस्तक लहानपणीं अभ्यासलें. तो मुलगा म्हणजे पुढें रसायनशास्त्रज्ञ व कवि म्हणून गाजलेला मिखाइल लोमोनोसॉव्ह. त्यानें १७५५ मध्यें रशियन भाषेचें स्वतंत्र व्याकरण लिहून पुरें केलें. या ग्रंथांत पुष्कळ नवें आहे. पण वाणीचे भाग मोजतांना त्यानेंही आठाबाहेर पाऊल टाकलें नाहीं.

उसनवारीच्या खुणा या वर्गांच्या नांवांवर अद्याप स्पष्ट दिसतात. नाम, विशेषण आणि संख्यावाचक या तिघांच्याही नांवांत 'इम्या', म्हणजे 'नाम', हा शब्द आहे; पहिलें 'अस्तित्वाचें नाम', दुसरें 'जोडलेलें नाम', तिसरें 'संख्येचें नाम'. पूर्वीं हे तिन्ही एकाच घरांत नांदत होते, त्याची ही आठवण. सर्वनामाला 'मेस्तोइमेनिये' म्हणतात, म्हणजे 'नामाच्या जागीं आलेलें'. क्रियापदाचें नांव 'ग्लागोल'. जुन्या भाषेंत त्याचा अर्थ नुसता 'शब्द' किंवा 'वाणी' असा होता, जणुं वाणी म्हणावी ती क्रियापदाचीच. केवलप्रयोगी अव्ययाला 'मेझ्दोमेतिये', म्हणजे 'मध्येंच फेकलेलें', असें नांव आहे, आणि तें फार चपखल वाटतें. उभयान्वयी अव्ययाचें नांव तर मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचें आहे, फक्त तें व्याकरणांतलें आहे हें त्याला ठाऊक नसतें. तें नांव 'सोयूझ'. त्याचा अर्थ संघ, जोड, मैत्री. १९२२ पासून १९९१ पर्यंत नांदलेल्या सोव्हिएत संघाच्या नांवांतील 'संघ' म्हणजे हाच 'सोयूझ', आणि १९८४ मध्यें राकेश शर्मा ज्या यानांतून अंतराळांत गेले त्या यानाचेंही नांव हेंच. 'आणि', 'पण', 'किंवा' या लहानशा शब्दांचें कुलनाम एवढें भारदस्त असावें याची मौज वाटते.

मराठी शाळांत मुलें ज्या आठ जाती पाठ करतात त्याही याच मार्गानें, फक्त इंग्रजी व्याकरणाच्या हातून, आल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ मध्यें निघालें, तेव्हांपासून हा प्रवास सुरू आहे. त्याच्या कितीतरी आधीं यास्कानें नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग सांगितले होते. आणि पाणिनीनें तर शब्द कोणत्या प्रत्ययानें संपतो एवढेंच पाहून सुबन्त व तिङन्त असे दोनच केले. रशियन शिकतांना पाणिनीची ही दृष्टि ग्रीकांच्या यादीपेक्षां अधिक उपयोगी पडते. रशियन ही प्रत्ययांची भाषा आहे. तिच्यांत शब्दाचा अर्थ मूळांत असतो, पण त्याचें नातें शेवटच्या एकदोन अक्षरांत असतें.

लेनिनग्राडचे भाषापंडित लेव्ह श्चेर्बा (१८८० ते १९४४) हें तत्त्व आपल्या विद्यार्थ्यांना मोठ्या गमतीनें पटवीत. ते एक वाक्य सांगत. त्यांतील नाम, विशेषण, क्रियापद यांचीं सर्व मूळें मनानें रचलेलीं, कोणत्याही कोशांत न सांपडणारीं. मात्र प्रत्यय अस्सल रशियन. मग विचारीत, 'याचा अर्थ काय?' विद्यार्थी प्रथम हंसत, आणि नंतर त्यांच्या ध्यानांत येई कीं, पुष्कळच कळलें आहे. मराठींत तसें वाक्य रचावयाचें तर असें रचतां येईल: 'टुमकट भोंडरीनें ढिपल्याला गुबडलें आणि आतां ती ढिपलुकल्याला चिंबावीत आहे.' भोंडरी काय, ढिपल्या काय, कोणालाच माहीत नाहीं. तरी भोंडरी स्त्रीलिंगी आहे, ती कर्ती आहे, ती टुमकट आहे, ढिपलुकलें हें ढिपल्याचें पिलूं असावें, एक क्रिया होऊन गेली व दुसरी चालू आहे, इतकें प्रत्येकाला कळतें. शब्दाची जात म्हणजे काय याचें याहून सोपें उत्तर नाहीं.

आज रशियन शाळांत सामान्यत: दहा वर्ग शिकवितात: नाम, विशेषण, संख्यावाचक, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, नामापूर्वीं येणारें संबंधदर्शक, उभयान्वयी, निपातासारखा 'कण' आणि केवलप्रयोगी. पहिल्या सहांना स्वतंत्र आणि पुढच्या तिघांना सेवक म्हणतात. केवलप्रयोगी दोहोंपासून अलिप्त.

नामाविषयीं मराठी मनुष्याला फारसें सांगावें लागत नाहीं. लिंगें तीन, मराठीसारखींच: 'स्तोल' (टेबल) पुल्लिंगी, 'क्नीगा' (पुस्तक) स्त्रीलिंगी, 'ओक्नो' (खिडकी) नपुंसकलिंगी. हिंदी बोलणाऱ्याला तिसऱ्या लिंगाशीं झगडावें लागतें, मराठी बोलणाऱ्याला नाहीं. विभक्ति सहा. संस्कृत शिकलेल्यांनीं मात्र एका लहान कुटुंबाकडे अवश्य पाहावें. 'म्या'नें संपणारीं दहाच नपुंसकलिंगी नामें रशियनमध्यें आहेत, आणि त्यांत 'इम्या' हें एक. त्याची षष्ठी 'इमेनि' अशी होते. हा 'न' कोठून आला असें रशियन मुलगा विचारतो, आणि त्याला 'हा अपवाद आहे' असें उत्तर मिळतें. 'नामन्' हा शब्द चालविलेल्याला तें विचारावेंच लागत नाहीं.

संख्यावाचकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि वर्ग पाडणाऱ्यांची खरी परीक्षा येथें होते. 'एक' हा शब्द विशेषणासारखा वागतो: 'ओदीन स्तोल', 'ओद्ना क्नीगा', 'ओद्नो ओक्नो'. 'दोन'च्या पुढें मात्र नाम षष्ठीच्या एकवचनांत येतें: 'द्वा स्तोला'. दोन टेबलें असतां एकवचन कां? याचें उत्तर इतिहासांत आहे. जुन्या रशियनमध्यें संस्कृतप्रमाणें द्विवचन होतें, आणि 'स्तोला' हें त्याचेंच रूप; ऋग्वेदांत 'देवौ'च्या जोडीला 'देवा' असें जें द्विवचन सांपडतें त्याच घराण्यांतलें. द्विवचन लोपलें, पण हें रूप दिसण्यांत षष्ठीसारखें असल्यामुळें लोक त्याला षष्ठी समजूं लागले, आणि तीन व चार यांच्यापुढेंही तेंच योजूं लागले. पांचापासून चाल पुन्हां बदलते. 'प्यात्' हा शब्द मूळचा स्त्रीलिंगी नाम आहे, त्यामुळें त्याच्यापुढें षष्ठीचें अनेकवचन लागतें: 'प्यात् स्तोलोव्ह', म्हणजे जणुं 'टेबलांचें पंचक'. आणि 'तीस्याचा', म्हणजे हजार, हें तर लिंगवचनासह पुरतें नामच आहे. सारांश, एक हा विशेषणाकडे झुकतो, हजार नामाकडे, आणि मधले आंकडे दोहोंच्या मध्यें कोठेंतरी. अशा मंडळींना केवळ त्या मोजणीच्या कामीं येतात म्हणून एका वर्गांत कोंबणें, हें अर्थाकडे पाहून केलेलें वर्गीकरण झालें. रूपाकडे पाहिलें तर तें टिकत नाहीं. 'पहिला', 'दुसरा' या शब्दांवर तर उघड मतभेद आहे. शाळेंत ते संख्यावाचक गणले जातात. विज्ञान अकादमीनें १९८० मध्यें प्रसिद्ध केलेल्या मोठ्या व्याकरणांत त्यांना विशेषणांत घातलें आहे.

क्रियापदांत मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. 'तो गेला, ती गेली, तें गेलें' याला रशियन मनुष्य 'ओन श्योल, ओना श्ला, ओनो श्लो' म्हणतो. वर्तमानकाळांत क्रियापद पुरुषाप्रमाणें बदलतें आणि भूतकाळांत एकाएकीं लिंगाप्रमाणें बदलूं लागतें. इंग्रजीवरून रशियन शिकणाऱ्यास हें चमत्कारिक वाटतें, मराठीवरून शिकणाऱ्यास घरचें वाटतें. दोन्ही भाषांतील हा 'ल' एकच असें मात्र समजूं नये. ते निरनिराळ्या मार्गांनीं आले आहेत. पण घडलेली घटना एकच आहे. दोन्हीकडे भूतकाळ हा मूळचा धातुसाधित विशेषण होता. जुना रशियन मनुष्य 'मी गेलेला आहें' अशा थाटाचें वाक्य बोले, आणि त्यांत 'आहें'साठीं 'येस्म' हा शब्द असे, जो संस्कृत 'अस्मि'चा सख्खा नातलग आहे. कालांतरानें 'येस्म' गळून पडला, आणि मागें उरलेलें विशेषण एकट्यानेंच क्रियापदाचें काम करूं लागलें. 'गत: अस्मि'पासून 'गेलों'पर्यंत जी वाट आहे तिचीच ही दुसरी आवृत्ति. शब्द एका जातींतून दुसऱ्या जातींत जाऊं शकतात, आणि तेंही अवघ्या समाजाच्या तोंडीं, कोणाच्या लक्षांतही न येतां, याचा यापेक्षां चांगला पुरावा मिळणें कठीण.

धातुसाधितांचा वाद यांतूनच निघतो. 'चितायुश्ची' म्हणजे 'वाचणारा'. हा शब्द विशेषणासारखा विभक्तींत चालतो, पण क्रियापदासारखें कर्म घेतो आणि काळही दाखवितो. याला रशियनमध्यें 'प्रिचास्तिये' म्हणतात, म्हणजे 'दोहोंत वांटेकरी'. चर्चमधील प्रसादग्रहणाच्या विधीलाही हाच शब्द आहे. स्मोत्रित्स्की व लोमोनोसॉव्ह यांनीं त्याला स्वतंत्र वर्ग मानलें. १९८० चें अकादमीचें व्याकरण त्याला क्रियापदाचें रूप मानतें. त्याचा धाकटा भाऊ 'देयेप्रिचास्तिये' हा मराठी 'वाचून' व 'वाचीत' यांच्यासारखा: 'प्रोचिताव्ह' म्हणजे वाचून, 'चिताया' म्हणजे वाचीत. तो मुळींच चालत नाहीं, आणि त्याचा कर्ता तोच वाक्याचा कर्ता असावा असा कडक नियम आहे. हा नियम मोडला तर काय होतें हें चेखॉव्हनें १८८४ मधील 'तक्रारवही' या छोट्या विनोदी लेखांत दाखविलें आहे. आगगाडीच्या स्टेशनावरील वहींत एक प्रवासी आपली टोपी उडाल्याची हकीकत लिहितो, पण वाक्य असें रचतो कीं, खिडकींतून सृष्टिशोभा पाहण्याचें काम टोपीकडेच जातें. रशियन शिक्षक हें उदाहरण आजही सांगतात.

सेवक शब्दांविषयीं थोडक्यांत. मराठी शब्दयोगी अव्यय नामाच्या पाठीमागें लागतें, रशियन 'प्रेद्लोग' नांवाप्रमाणेंच पुढें ठेवलेला असतो आणि आपल्याला हवी ती विभक्ति मागून घेतो. मराठी मुलगा शाळेंत जातो आणि शाळेंत असतो. दोन्ही वेळां 'शाळेंत'च. रशियन मुलगा जातांना 'व् श्कोलु' म्हणतो आणि असतांना 'व् श्कोले'. संबंधदर्शक तोच, विभक्ति निराळी. आणि गति कीं स्थिति हें त्या एका स्वरावरून कळतें. 'कण' या वर्गांत 'ली', 'झे', 'बि' असे इवलेसे शब्द येतात. 'तोत्' म्हणजे 'तो' आणि 'तोत् झे' म्हणजे 'तोच'. मराठींतील 'च' आणि 'ही' यांना शाळेंतील व्याकरण शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून कशीबशी जागा देतें; यास्कानें त्यांना निपातांत सहज सामावलें असतें, आणि रशियन वैयाकरणांचीही तीच युक्ति आहे.

सर्वांत मोठा वाद ज्या शब्दांवर झाला ते अगदीं रोजच्या बोलण्यांतले आहेत. 'खोलोद्नो' हा शब्द पाहावा. 'त्यानें थंडपणें उत्तर दिलें' या वाक्यांत तो क्रियाविशेषण आहे, कारण तो 'उत्तर दिलें' याला चिकटतो. 'चेहरा थंड आहे' यांत तो विशेषणाचें लघुरूप आहे. चेहरा या अर्थाचा 'लित्सो' हा शब्द काढून तेथें हात या अर्थाचा स्त्रीलिंगी 'रुका' घातला कीं तोही 'खोलोद्ना' होतो. परंतु 'म्ने खोलोद्नो', म्हणजे 'मला थंडी वाजते आहे', या वाक्यांत काय? येथें प्रथमेंतला कर्ता नाहीं, विशेष्य नाहीं, ज्याला चिकटावें असें क्रियापदही नाहीं. आहे ती चतुर्थींतील व्यक्ति आणि तिची अवस्था. तरीही 'बिलो' (होतें) जोडून त्याचा भूतकाळ करतां येतो आणि 'बूदेत्' (असेल) जोडून भविष्यकाळ. 'मोझ्नो' (चालेल, करतां येईल), 'नेल्झ्या' (करूं नये), 'झाल्' (वाईट वाटतें), 'पोरा' (वेळ झाली) हेही त्याच पंक्तींतले. यांतला 'पोरा' मूळचा स्त्रीलिंगी नाम आहे, पण 'निघायची वेळ झाली' या अर्थीं आला कीं तो आपली विभक्ति विसरतो.

१९२८ मध्यें श्चेर्बा यांनीं रशियन भाषेंतील शब्दवर्गांवर एक निबंध लिहिला आणि त्यांत या शब्दांचा स्वतंत्र वर्ग सुचविला. त्याला त्यांनीं 'अवस्थेचा वर्ग' असें नांव दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, वैयाकरणानें शब्द कपाटाच्या खणांत भरीत बसूं नये. भाषा बोलणारे लोक कोणता शब्द कोणत्या सामान्य कल्पनेखालीं घेतात तें टिपावें. व्हिक्तोर विनोग्रादॉव्ह यांनीं १९४७ मधील 'रशियन भाषा' या ग्रंथांत हा विचार उचलून धरला आणि विस्तारानें मांडला. विरोधकांचा आक्षेप असा कीं, अर्थ आणि वाक्यांतील काम एवढ्यावरच वर्ग उभारला तर त्याला अंत राहणार नाहीं. आणि अकादमीच्या १९८० च्या व्याकरणानें हा वर्ग स्वतंत्र धरला नाहीं.

मराठी माणसानें या वादांत श्चेर्बांच्या बाजूनें झुकावें हें स्वाभाविक आहे, कारण 'मला बरें वाटतें', 'मला पाहिजे', 'मला नको' असें चतुर्थींतून बोलण्याची त्यालाही संवय आहे, आणि 'पाहिजे', 'नको', 'नये' यांना क्रियापद म्हणतांना मराठी व्याकरणाचीही ओढाताण होतेच. तीं इतर क्रियापदांसारखीं सर्व काळांत व पुरुषांत चालत नाहींत. 'म्ने नेल्झ्या' हें वाक्य इंग्रजी जाणणाऱ्याला तीन वाक्यांत समजावून द्यावें लागतें. मराठी माणसाला 'मला चालत नाहीं' एवढें सांगितलें कीं पुरे.

रशियन शाळांतील पाठ्यपुस्तकांत या बाबतींत अद्याप एकवाक्यता नाहीं. कांहीं पुस्तकांत अवस्थेचा वर्ग निराळा शिकवितात, कांहींत तो क्रियाविशेषणांतच दाखवितात, धातुसाधितांचेंही तसेंच. त्यामुळें 'म्ने लेन्', म्हणजे 'मला आळस आला आहे', या दोन शब्दांच्या वाक्याचें व्याकरण चालवितांना कोशांत नाम म्हणून असलेल्या 'लेन्'पुढें काय लिहावयाचें, हें मुलाच्या दप्तरांत कोणतें पुस्तक आहे त्यावर अवलंबून राहतें.